दिवुस

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुर्भाटला आम्ही फंडपेटी उघडतो.
किल्ल्या दोन : एक अध्यक्षांची, एक माझी.
सतरंजीवर ओतलं की लांबवर खाणीचा ट्रक
रिकामा व्हावा तसा आवाज.
मग पाचाचे मनोरे, दोनाचे मनोरे,
एखादा खिळा, कुणाची अंगठी,
लिस्बनच्या पासपोर्टासाठी नवसाची चिठ्ठी.

यावेळी एक जड निघालं.
हिरवं, तिसऱ्याच्या शिंपल्याएवढं, कडा एका बाजूला खाल्लेली.
बत्तीस वर्षं सहकारी बँकेत कॅशवर बसलो,
वजन अंगठ्याला कळतं.
हे माझ्या अंगठ्याच्या ओळखीचं नव्हतं.
एका बाजूला दाढीवाला, मान जाड, नाक गेलेलं.
दुसऱ्या बाजूला मजल्यावर मजले, वर निमुळते.
गुरव म्हणाला, दीपमाळ! आपलंच की.

मडगावचे डॉक्टर आल्सिद कुलासो
दात काढायचे सोडून आता नाणी बघतात.
कीड शोधावी तसं त्यांनी भिंग लावलं
आणि बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, रोमचं. कांसं. अठराशे वर्षं, वर-खाली.
राजा मेल्यावर पाडलेलं.
आणि दीपमाळ कसली, चिता ही.
टोकावर गरुड बांधायचे, जाळ पोचला की दोरी कापायची.
गरुड उडाला म्हणजे राजा पोचला.
मग सभेने ठराव करायचा : अमुक अमुक आजपासून देव.

नाव झिजून गेलेलं.
डोक्यामागची चार-पाच अक्षरं तेवढी शाबूत.
"दिवुस," डॉक्टरांनी वाचलं.
मला ऐकू आलं, दिवस.
"देउस वेगळा, तो मूळचाच," ते म्हणाले,
"दिवुस म्हणजे झालेला."
म्हणजे माणूस कोण होता ते पुसलं,
बढतीचा हुकूम तेवढा राहिला.

आमचा ग्रामपुरुषही झालेलाच.
देवळाच्या उजव्या अंगाला, तेल पिऊन काळा पडलेला धोंडा.
खाजनाचा बांध फुटला तेव्हा
भगदाडात स्वतः उभा राहिला म्हणतात.
काहीजण म्हणतात, उभा केला.
ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं,
जुन्या वह्यांत नाही.

नाणं टाकलं होतं मानशीवरच्या झिलूने.
ओहोटीच्या रात्री कोळंबीच्या जाळ्यात आलेलं.
विकायचंस की, मी म्हटलं.
"तोंड आसा ताका," तो म्हणाला,
"तोंड आशिल्लें परत उदकांत कशें सोडप?"

समिती बसली. पंख्यांच्या ठरावाला भरत नाही
तो कोरम भरला.
एक म्हणाला म्युझियम, एक म्हणाला लिलाव,
खजिनदार कायद्याला भ्याला.
शेवटी ग्रामपुरुषाला प्रसाद लावला,
धोंड्याच्या दोन खांद्यांवर भिजवलेल्या पाकळ्या :
उजवी पडली तर ठेवायचं, डावी पडली तर सरकारला.
अकरा वाजले. बारा.
फेरीबोट जाऊन परत आली.
पाकळी हलली नाही.
"आज त्यांचं त्यांच्यात चाललंय," गुरव म्हणाला,
आणि जेवायला गेला.

तेव्हापासून ते माझ्या खणात,
रबरी शिक्क्याच्या डबीत.
कीर्द बंद करायची म्हणून मी ओळ घातली :
नाणे एक. धातू कांसे. रक्कम,
आणि पेन थांबलं.

वडिलांच्या दहाव्याला धक्क्यावर
दोन तास कावळा शिवला नव्हता.
मी नोकरीचं बोललो, भावाने घराचं वचन दिलं.
मग आईने खाली वाकून पिंडाला काहीतरी सांगितलं,
काय ते तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही.
आला एक. लंगडा.
आम्ही घाईने उठलो, बारा पंचवीसची फेरी गाठायची होती.
हात कुणीच वर केला नाही.

रकमेचा रकाना कोरा आहे.
ऑडिटर मंगळवारी येतात.